कचरा मिसळतो कोण, निवडतो कोण?



आजकाल मंत्र्यांच्या भाषणांत आणि टेंडरच्या कागदांत 'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. वापरून झालेली वस्तू उकिरड्यावर न टाकता तिचा पुन्हा कच्चा माल करायचा, त्यातून नवी वस्तू घडवायची आणि तेवढे खनिज, कोळसा, पाणी वाचवायचे. कामगार चळवळीने याला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. उलट आपण रेल्वे आणि डाक कामगार हे काम कैक वर्षे करीत आलो आहोत, त्याला असे भारी नाव नव्हते इतकेच. आमची तक्रार निराळी आहे. या चक्राला पहिला हात कोण लावतो, त्या हाताला मजुरी काय मिळते आणि मालाचा पैसा कोणाच्या खिशात जातो, याविषयी त्या भाषणांत चकार शब्द नसतो.

प्रथम आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. बंगळूरजवळ येलहंका येथे रेल्वेचा चाक आणि अ‍ॅक्सल बनविण्याचा कारखाना १९८४ साली सुरू झाला. बाद झालेली चाके, अ‍ॅक्सल आणि इतर पोलादी भंगार तेथे विजेच्या भट्टीत वितळवतात आणि त्यातून नवे चाक ओततात. म्हणजे इटारसी-जबलपूर-कटनी मार्गावर झिजून गेलेले चाक दुसरा जन्म घेऊन पुन्हा रुळावर धावू शकते. हे कशामुळे जमते? भट्टीमुळे, असे इंजिनिअर साहेब सांगतील, आणि ते खोटे नाही. पण भट्टीपर्यंत जाणारा माल आधी निवडलेला असतो हे ते सांगायचे विसरतात. पोलाद वेगळे, बीड वेगळे, तांबे वेगळे, पितळ वेगळे. शेडमधल्या खलाशाला आणि स्टोअर डेपोतल्या माणसाला हा फरक हातात वस्तू घेताच कळतो. २०१५ साली जबलपूर-नैनपूर नॅरोगेज बंद झाली. गोंदियाकडच्या आपल्या कित्येक मराठी कुटुंबांचा जन्म त्या छोट्या गाडीवर गेला होता. गाडी गेली, पण तिचा रूळ कचरा झाला नाही. उखडलेला रूळ, फिशप्लेट, बोल्ट ही सारी हिशेबात धरायची वस्तू असते. २०२०-२१ या एका वर्षात, तेही कोरोनाच्या, रेल्वेने भंगार विकून ४,५७३ कोटी रुपये मिळवले. त्याच भंगाराचा एक ढीग करून त्यावर कँटीनचे उरलेले वरण-भात ओतले असते, तर लिलावात कोण बोली लावायला आले असते?

डाक खात्यातील साथींना तर हे सांगायलाच नको. आर.एम.एस.चा सॉर्टर हलत्या डब्यात, अपुऱ्या उजेडात, समोरच्या खणांमध्ये पत्रे टाकीत रात्र काढायचा. पहिल्या मुक्कामाला छाननी नीट झाली तर पत्र सरळ घरी पोचे. तेथे चूक झाली तर पुढच्या प्रत्येक ठिकाणी थैली पुन्हा उघडावी लागे, पुन्हा माणूस, पुन्हा वेळ, पुन्हा खर्च. पत्राला जो नियम लागू तोच कचऱ्याला लागू आहे. फरक एवढाच, की पत्रे मिसळली तरी निदान कुजत नाहीत.

आपल्या देशातल्या शहरी कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. भाजीची देठे, उष्टे, फळांच्या साली. हा ओला भाग वर्तमानपत्रावर सांडला की रद्दीचा भाव गेला, कारण भिजून कुजलेल्या कागदाच्या लगद्याला जोर राहत नाही. उलट बाजूने पाहा. काचेचे तुकडे, औषधांच्या पट्ट्या, घड्याळाचे सेल ओल्या कचऱ्यात पडले की त्याचे खत शेतकरी शेतात घालणार नाही, आणि त्याने घालूही नये. दोन्ही बाजूंनी माल मेला. प्लास्टिकची गोष्ट आणखी नाजूक आहे. पाण्याची बाटली आणि तिचे झाकण एका जातीच्या प्लास्टिकचे नसते. बारीक तुकडे करून पाण्याच्या टाकीत टाकले की बाटलीचा तुकडा बुडतो आणि झाकणाचा तरंगतो, त्यावरून ते वेगळे करतात. पण बाटलीसारखेच दिसणारे पी.व्ही.सी. थोडे जरी त्यात गेले तरी वितळवलेला सगळा घाणा बिघडतो. परदेशात प्लास्टिकची जात किरणांनी ओळखणारी यंत्रे आहेत, आपल्याकडेही येत आहेत. आमचा यंत्राला विरोध नाही. पण खरकट्याने माखलेली, चिखलाने चिकटलेली वस्तू त्या यंत्रालाही नीट दिसत नाही. फिरत्या चाळण्या, लोहचुंबक, हवेचे झोत या सगळ्यांना माल सुटा आणि कोरडा लागतो.

आता आपल्या जबलपूरकडे येऊ. शहराबाहेर कठौंदा येथे कचऱ्यापासून वीज करणारा कारखाना २०१६ साली सुरू झाला. रोज ६०० टन कचरा आणि साडेअकरा मेगावॅट वीज, असा त्याचा आराखडा होता. नर्मदेकाठच्या या शहरात कचऱ्याचे डोंगर वाढू नयेत म्हणून काही तरी करणे भागच होते, म्हणून त्याची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु जाळणे आणि पुन्हा कच्चा माल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाळलेल्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही. एकदा वीज मिळते, राख उरते आणि चक्र तेथेच तुटते. शिवाय ओला कचरा जाळायचा म्हणजे आधी त्यातले पाणी उकळून उडवायचे, त्यातच उष्णता खर्च होते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली परदेशी तंत्राचा असाच कारखाना उभा केला होता. आपला कचरा त्याच्या हिशेबाप्रमाणे जळेना, आणि चाचणीच्या काळातच तो बंद पडला. जाळायचेच असेल तर ज्याचे दुसरे काहीच होऊ शकत नाही ते जाळा. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचऱ्यातून काढलेल्या अशा जळणाच्या कारखान्यापासून शंभर किलोमीटरच्या आतील उद्योगांना पाच टक्के इंधन त्यातून घ्यायला सांगितले होते. कटनी, मैहर, सतन्याच्या सिमेंटच्या भट्ट्या आपल्यापासून काही फार लांब नाहीत. पण तेथेही सुकी आणि निवडलेली वस्तूच लागते, ओला गाळ नव्हे.

याच मध्य प्रदेशात इंदूरने दुसरा रस्ता धरला. तेथे दारावर येणाऱ्या गाडीतच वेगवेगळे कप्पे केले आणि घराघरातून कचरा वेगळा घेतला. ओला भाग वेगळा आणि स्वच्छ मिळतो म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा कारखाना सुरू होऊ शकला. होळकरांच्या इंदूरचे कौतुक मराठी माणसाला असतेच. आमचे म्हणणे एवढेच, की इंदूरने जे केले ते कारखान्याच्या फाटकावर नव्हे, घराच्या फाटकावर केले.

मग सगळीकडे हे का होत नाही? लोक अडाणी आहेत, असे उत्तर मिळते. आम्हाला ते मान्य नाही. अनेक शहरांत ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. जितके वजन तितके बिल. असा ठेकेदार ओले आणि सुके वेगळे कशाला ठेवील? पावसात भिजलेला कचरा त्याला सोन्यासारखा, आणि गाडीत खाली दगडमाती भरली तर अधिकच बरे. गृहिणीने दोन बादल्यांत वेगळे करून दिलेले तिच्या डोळ्यांदेखत एकाच गाडीत ओतले जाते. दुसऱ्या दिवसापासून ती कशाला वेगळे करील? म्हणजे कचरा मिसळतो तो ठेक्याच्या कागदावर, आणि निवडावा लागतो तो उघड्या हातांनी, सुया-काचांमधून. ते हात कोणत्या जातींचे असतात हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यात बाया किती असतात हेही ठाऊक आहे.

या हातांनी संघटना केली तर काय होते याचा पुरावा पुण्यात आहे. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या महिलांची मागणी साधी होती: कचराकुंडीत उतरण्याऐवजी आम्हाला दारातूनच सुका माल द्या. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या कार्यकर्त्या मदतीला होत्या. तेवढ्यात एका उद्योजकाने गाडी लावून तेच काम सुरू केले, तेव्हा महिलांनी त्याला अडवले. एकेकट्याने भागणार नाही हे त्यांनी ओळखले आणि १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. हमालांचे नेते बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. पुढे महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे त्यांनी मिळवली. ओळखपत्र म्हणजे काय हे रेल्वेवाल्याला समजावे लागत नाही. ज्याच्या खिशात कार्ड नाही त्याला कोणीही चोर म्हणून हटकतो. २००८ साली याच महिलांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली. घराकडून शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, दोन्ही वेचणाऱ्या महिलेचे. वजन वाढवण्यात तिचा फायदा नाही, स्वच्छ निवडण्यात आहे. सगळी मेख येथे आहे. करार कसा लिहिला यावर कचऱ्याचा माल होणार की उकिरडा, हे ठरते.

मुंबईचा लढा वेगळ्या वळणाचा. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदावर कामगारच धरले जात नव्हते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल उचलून धरला. तोपर्यंत किती जण वाट पाहत संपले त्याचा हिशेब कोण देणार?

आता आपल्या अंगणात. स्टेशनवर आणि गाड्यांत रोज काय जमते ते आपण पाहतोच. बाटल्या, वर्तमानपत्रे, कागदी कप, जेवणाचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे. खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम करायला जी ऊर्जा लागते तिच्या जवळजवळ पाच टक्क्यांत जुने वितळवून नवे होते. इतका मोलाचा माल वरणाच्या डागांसकट एका काळ्या पिशवीत बांधला जातो. (२००४ साली लालूप्रसादांनी स्टेशनांवर मातीचे कुल्हड आणले तेव्हा साहेब लोक हसले होते. कुल्हड निदान पुन्हा माती तरी होत होता.) २०१६ च्या नियमांनी केंद्र सरकारच्या इमारतींतूनही रोज शंभर किलोच्या वर कचरा निघत असेल तर त्यांना मोठे कचरा-उत्पादक ठरवले. म्हणजे स्टेशन, शेड, मोठे डाकघर यांनी महापालिकेकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये.

आणि हे काम करतो कोण? पूर्वी आपल्या यादीवर सफाईवाला होता. त्याला पास होता, पी.एफ. होता, क्वार्टर होते, युनियनचे कार्ड होते. त्या जागा एकेक करून सरेंडर झाल्या आणि काम ठेक्यावर गेले. ठेक्यावरचा पोरगा आपल्याच प्लॅटफॉर्मवर, आपल्याच डोळ्यांसमोर राबतो, आणि आपल्या शाखेच्या सभेत त्याचा विषय निघाला की "तो आपला मेंबर नाही" असे म्हणणारे साथी आजही भेटतात. त्यांना आम्ही विचारतो, तुमच्या मुलाला उद्या कोणत्या यादीवर नोकरी मिळणार आहे? ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या कामगार संहितेतही आहे. पण कायदा स्वतःहून चालत येत नाही. अर्ज कोणी तरी लिहावा लागतो, आणि लिहिता येणारे हात आपल्याकडे आहेत.

म्हणून येत्या पी.एन.एम. बैठकीसाठी आम्ही पुढील मुद्दे देत आहोत. स्टेशन आणि गाड्यांच्या सफाईचे ठेके टनावर किंवा नुसत्या फेऱ्यांवर न देता ओले-सुके वेगळे करून देण्याच्या अटीवर द्यावेत, आणि निवडलेल्या सुक्या मालाच्या विक्रीतला ठरलेला हिस्सा निवडणाऱ्या कामगाराच्या हाती पगारपत्रकावर पडावा. निवडण्यासाठी छप्पर, टेबल, पाणी, हातमोजे आणि बूट असावेत. उघड्या यार्डात जमिनीवर बसून निवडण्याचे काम बंद व्हावे. ठेका बदलला तरी जुनी माणसे कामावर राहावीत. कायम स्वरूपाच्या सफाईच्या कामावर सफाईवाल्याच्या रिकाम्या जागा पुन्हा भराव्यात. डाक संघटनेच्या साथींनी आपल्या सर्कलच्या बैठकीत हेच मुद्दे मोठ्या डाकघरांसाठी मांडावेत, अशी आमची विनंती आहे.

राहता राहिल्या आपल्या कॉलन्या. येथे कोणत्या साहेबाची परवानगी लागत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या कॉलनीत दोन बादल्यांचा नियम सुरू करावा, ओल्याचा खड्डा कॉलनीतच करावा, आणि सुके कोण नेते त्या बाईचे किंवा माणसाचे नाव, पत्ता आणि त्याला मिळणारा दर वहीत लिहून पुढच्या शाखा सभेला आणावा. सचिवांनी ती वही पाहूनच सभेचे कामकाज सुरू करावे.