पत्राची पोथी कशी होते?

आमच्या देवघरांत तांबड्या फडक्यांत गुंडाळलेलें एक पत्र आहे. तें आमच्या कैलासवासी तीर्थरूपांचें. परगांवच्या मुलांस शिक्षणासाठीं घरीं ठेवून घेऊं नये, अशी आज्ञा त्यांत आहे, व ती आमच्या घरांत आजवर वेदवाक्याप्रमाणें पाळली गेली. गेल्या महिन्यांत एका चुलतबहिणीनें आपल्या नातीस कॉलेजासाठीं आमच्याकडे ठेवण्याविषयीं विचारलें, तेव्हां वडीलबंधूंनीं तेंच पत्र बाहेर काढलें. त्याचा निकाल शेवटीं सांगेन; परंतु त्या निमित्तानें मनांत प्रश्न आला कीं, थोरांच्या प्रासंगिक बोलण्यास व पत्रांस शास्त्राची पदवी येते तरी कशी?

ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पॉल यानें पहिल्या शतकांत करिंथ शहरींच्या मंडळीस पत्रें लिहिलीं. आपापसांतील तंटे, विवाह, भोजन, गरिबांसाठीं वर्गणी असे त्यांतील विषय. हीं पत्रें सभेंत मोठ्यानें वाचलीं जात, व त्यांच्या नकला गांवोगांव फिरत. लिहिणारा व त्यास पाहिलेली पिढी निघून गेल्यावर पत्रच गुरूच्या जागीं बसलें. पुढें 367 सालीं अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस यानें नव्या कराराच्या 27 ग्रंथांची यादी दिली, तींत हीं पत्रें आहेत. म्हणजे नाणें आधींच चालत होतें, शिक्का मागाहून बसला. मात्र करिंथकरांनीं पॉलला जें पत्र पाठविलें, व ज्याचा उल्लेख तो स्वतःच करतो, तें आज उपलब्ध नाहीं. उत्तर शास्त्र झालें, प्रश्न हरवला.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. तेराव्या शतकांतील श्रीचक्रधरस्वामींनीं स्वतः एकहि ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांच्या मागें म्हाइंभटांनीं नागदेवाचार्यांस व इतर अनुयायांस विचारून विचारून आठवणी गोळा केल्या व लीळाचरित्र सिद्ध केलें. केसोबासांनीं स्वामींचीं वचनें निवडून सूत्रपाठ रचला. परंतु महानुभावांची दूरदृष्टि अशी कीं, कोणतें सूत्र कोणास, कोठें, कोणत्या प्रसंगीं सांगितलें याची नोंद करणारा 'प्रकरणवश' नांवाचा निराळा ग्रंथहि त्यांनीं केला. मीमांसकांनींहि मंत्राचा विनियोग ठरविणाऱ्या सहा प्रमाणांत 'प्रकरण' गणलें आहे, तें उगीच नव्हे.

तात्पर्य, वक्ता शास्त्र करीत नाहीं, श्रोते करतात. प्रेम, वियोग व विसराचें भय या तिहींमुळें शब्द पोथींत जातो. यांत गैर कांहींच नाहीं. पण शब्द जपतांना प्रसंग टाकून दिला, तर एका माणसास एका वेळीं दिलेलें औषध सर्वांस सर्वकाळ पाजल्यासारखें होतें. मग गुरूची आज्ञा पाळल्याचें समाधान मिळतें, आणि गुरूचा हेतु मात्र बुडतो.

आतां आमच्या पत्राचा निकाल. वडीलबंधू वाचून दाखवीत असतां त्यांच्या धाकट्या सुनेनें नम्रपणें विचारलें, "मामंजी, वर तिथि कोणती आहे?" तें वाक्य आम्हां सर्वांस तोंडपाठ, पण कोपऱ्यांतील तिथीकडे कोणीं पाहिलेंच नव्हतें. वडीलबंधूंनीं चष्मा सांवरून वाचलें: कार्तिक, शके 1894. म्हणजे 1972 सालचा दुष्काळ! घरांत बारा माणसें, आणि रेशनावरील मिलोच्या भाकरी मोजून वाढल्या जात, तें साल. दुसऱ्याच्या लेकरास उपाशी ठेवण्याची पाळी येऊं नये, म्हणून तीर्थरूपांनीं तसें लिहिलें होतें.

वडीलबंधू बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग सुनेस म्हणाले, "मुलीला कळव, सोमवारीं ये म्हणावें."

पत्र पुन्हा देवघरांतच ठेवलें आहे. त्याच्याबरोबर आतां सुनेच्या हातची एक चिठ्ठी आहे: "हें दुष्काळाच्या सालीं लिहिलें."