विश्लेषण : भौतिकशास्त्राची त्रिमितीय आकृती कोडने का काढायची?

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांना काटकोनात धरायचे. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते, मधले बोट विद्युतधारेची आणि अंगठा बलाची. दहावीच्या विज्ञानातला फ्लेमिंगचा हा नियम बहुतेकांचा तोंडपाठ असतो. तरीही ‘बलाची दिशा कोणती?’ असा प्रश्न आला की परीक्षेच्या वर्गात अनेक हात हवेत वेडेवाकडे वळू लागतात. नियम तीन मितींतला आहे आणि पुस्तकाचे पान किंवा मोबाइलचा पडदा दोन मितींचा. मधले अंतर आकृतीने भरून काढायचे असते. ती आकृतीच चुकली किंवा संदिग्ध राहिली, तर पाठांतर कामाला येत नाही. अशा आकृत्या माउसने किंवा हाताने न काढता अक्षरजुळणीच्या कोडने लिहिण्याची पद्धत जगभर रूढ आहे. मराठी पाठ्यपुस्तकांसाठी ती का महत्त्वाची आहे?

अडचण नेमकी काय?

एक साधे उदाहरण घेऊ. फळ्यावर चुंबकीय क्षेत्र उजवीकडे आहे आणि तारेतून विद्युतधारा वर जाते आहे. नियम लावला तर बल फळ्याच्या आत, म्हणजे पाहणाऱ्यापासून दूर जाते. आता ‘आत’ जाणारा बाण सपाट पानावर काढायचा कसा? तो तिरका काढावा लागतो. वर उजवीकडे गेलेला तिरका बाण ‘आत’ असे सुचवतो, तर खाली डावीकडे आलेला ‘बाहेर’. बाण कोणत्या बाजूला झुकला, एवढ्यावरून उत्तर उलटते.

छपाईच्या वाटेवर असे उलटणे अवघड नसते. पानाच्या मांडणीत बसावे म्हणून हाताचे चित्र कोणी आडवे पलटवले, तर डावा हात उजवा होतो. चित्र तितकेच सुबक दिसते, पण नियम खोटा ठरतो. मुद्रितशोधकाला शुद्धलेखनाची चूक लगेच दिसते, बाणाची दिशा मात्र भौतिकशास्त्र जाणणाऱ्यालाच तपासता येते. चूक सापडली तरी मूळ चित्र कुणाच्या संगणकावर आहे हे माहीत नसेल, तर पुढच्या आवृत्तीतही तीच चूक छापली जाते.

कोडने आकृती काढायची म्हणजे काय?

या पद्धतीचे मूळ अक्षरजुळणीत आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत. म्हणून त्यांनी गणिती मजकूर नीटस जुळवणारी ‘टेक’ ही प्रणाली लिहायला घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभारले. गणित आणि भौतिकशास्त्राचे शोधनिबंध आज बहुतांशी त्यातच लिहिले जातात. आकृत्यांसाठी जर्मन संगणकशास्त्रज्ञ टिल टांटाऊ यांनी ‘टिकझेड’ ही भाषा तयार केली. तिच्या जर्मन नावाचा अर्थच ‘टिकझेड हा चित्र काढण्याचा प्रोग्राम नाही’ असा आहे. ही सगळी साधने मोफत आणि मुक्त आहेत.

येथे रेघ ओढायची नसते, रेघेचे वर्णन लिहायचे असते. ‘मूळ बिंदूपासून क्ष अक्षावर ३ एकक अंतरापर्यंत बाण काढ, टोकाशी चुंबकीय क्षेत्र असे लिही,’ अशा अर्थाची एक ओळ. विद्युतधारेसाठी दुसरी ओळ. तिसरा बाण, म्हणजे बल, अंदाजाने काढावा लागत नाही. टिकझेडच्या त्रिमितीय आकृत्यांसाठी असलेल्या एका पूरक पॅकेजमध्ये दोन सदिशांचा सदिश गुणाकार काढण्याची आज्ञा तयार आहे. तिला धारा आणि क्षेत्र यांच्या दिशा त्याच क्रमाने दिल्या की बलाची दिशा गणितातून येते. पुढे कोणी क्षेत्राची दिशा बदलली, तर बलाचा बाण आपोआप वळतो. पलटवलेल्या चित्रासारखी चूक इथे नकळत होत नाही.

तीन मिती दोनमध्ये कशा बसतात?

उत्तर आहे प्रक्षेपण, म्हणजे सावलीचे गणित. वस्तूकडे कोणत्या कोनातून पाहायचे ते एकदा ठरवले की प्रत्येक बिंदूची पानावरची जागा ठरते. कोडमध्ये हे दोन कोन पहिल्याच ओळीत सांगितले जातात. ते बदलले की सबंध आकृती फिरते आणि सगळे बाण, वर्तुळे आणि अक्षरे आपापल्या नव्या जागी जातात. हातचे चित्र फिरवायचे तर ते पुन्हा पहिल्यापासून काढावे लागते.

या गणिताचा कस लागतो तो गोलाच्या आकृतीत. पृथ्वीचे परिवलन, गोलाकार निर्देशक, विद्युतभारित गोल अशा अनेक विषयांत ती लागते. हाताने काढताना सहसा एक वर्तुळ काढतात, मध्ये विषुववृत्त म्हणून चपटे लंबवर्तुळ घालतात आणि वरच्या कडेवर उत्तर ध्रुवाचा ठिपका देतात. दिसायला सगळे ठीक, पण असे दृश्य प्रत्यक्षात दिसू शकत नाही.

कारण समजायला सोपे आहे. विषुववृत्त लंबवर्तुळासारखे दिसते, याचा अर्थ आपण गोलाकडे थोडे वरून पाहत आहोत. वरून पाहिले तर उत्तर ध्रुव आपल्याकडे झुकतो आणि कडेच्या आत येतो. समजा गोलाची त्रिज्या ५ सेंटीमीटर आहे आणि दृष्टिरेषा अक्षाशी ७० अंशांचा कोन करते. तेव्हा विषुववृत्ताचे लंबवर्तुळ १० सेंटीमीटर रुंद आणि सुमारे ३.४ सेंटीमीटर उंच दिसेल. ध्रुव केंद्रापासून सुमारे ४.७ सेंटीमीटर वर, म्हणजे कडेपासून ३ मिलिमीटर आत दिसेल. ध्रुव नेमका कडेवर हवा असेल, तर विषुववृत्त सरळ रेषाच दिसायला हवे.

३ मिलिमीटर क्षुल्लक वाटतील. पण याच गोलावर पुढे रेखांश, अक्षांश आणि स्पर्शरेषेतले बाण काढायचे असतात. पायाच तिरका असेल तर ९० अंशांचे कोन काटकोन वाटत नाहीत, दोन वक्र भलत्याच ठिकाणी छेदतात आणि आकृतीवरून समजून घेणारा विद्यार्थी स्वतःलाच दोष देतो. ‘मला थ्रीडी दिसतच नाही,’ असे म्हणणाऱ्या मुलांपैकी काहींच्या समोर मुळात अशक्य आकृती ठेवलेली असते, ही शक्यता शिक्षकांनी गंभीरपणे घ्यायला हवी.

मराठी अक्षरे नीट बसतात का?

बसतात. जुन्या टेक प्रणालीत देवनागरीसाठी खटपट करावी लागे. आता झीटेक आणि लुआटेक या नव्या इंजिनांना युनिकोड थेट समजते. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार योग्य जागी येतात. आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट लाटेकमध्ये वापरता येतो. ‘चुंबकीय क्षेत्र’ हे शब्द इंग्रजी नावाइतक्याच सहजतेने बाणाच्या टोकाशी बसतात.

मराठी विद्यार्थ्यासाठी खरा फायदा याच ठिकाणी आहे. नीट परीक्षा मराठीसह १३ भाषांत होते. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्राचा पेपर मराठीतही देता येतो. २०२१-२२ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकण्याची वाट खुली झाली आणि त्यासाठी पुस्तकांचे अनुवाद सुरू झाले. मजकुराचा अनुवाद सॉफ्टवेअरच्या मदतीने भराभर होतो, पण चित्रात चिकटलेली अक्षरे तशी हाती लागत नाहीत. मग परिच्छेदात ‘कोनीय संवेग’ आणि शेजारच्या आकृतीत इंग्रजी नाव, अशी जोडी तयार होते. भोवऱ्याचे परांचन समजून घेऊ पाहणाऱ्या मुलाला आधी शब्द जुळवावे लागतात, भौतिकशास्त्र त्यानंतर येते. आकृती कोडमध्ये असेल तर बाण जागच्या जागी राहतो आणि फक्त शब्द बदलायचा उरतो.

मोबाइलवर वाचणाऱ्यांना आणखी एक लाभ आहे. कोडमधून तयार होणारी आकृती व्हेक्टर स्वरूपाची असते. ती ठिपक्यांची नसून रेषांच्या वर्णनाची असल्याने कितीही झूम केली तरी बाणाचे टोक धूसर होत नाही. स्कॅन केलेल्या नोट्सचे फोटो गटागटांतून फिरत फिरत शेवटी वाचण्याजोगे राहत नाहीत, हा अनुभव बहुतेक विद्यार्थ्यांना आहे.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा म्हणजे शिकायला लागणारा वेळ. टिकझेडमध्ये प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो एका ठिकाणी राहून गेला की आकृतीऐवजी त्रुटीचा संदेश समोर येतो. टिकझेडची माहितीपुस्तिका हजाराहून अधिक पानांची आहे. दिवसाला सहा तासिका घेणाऱ्या शिक्षकाने रात्री बसून ती वाचावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

दुसरी मर्यादा तांत्रिक आहे. टिकझेडला खोली कळत नाही. जे नंतर काढले ते आधीच्या रेषेवर येते, एवढेच त्याला ठाऊक. गोलामागे गेलेला विषुववृत्ताचा भाग तुटक रेषेने दाखवायचा असेल, तर वर्तुळ कुठे तोडायचे हे लिहिणाऱ्यानेच सांगावे लागते. ‘असिम्प्टोट’ ही दुसरी मुक्त भाषा खरी त्रिमितीय आहे. पुढचे काय आणि मागे झाकलेले काय, हे ती स्वतः ठरवू शकते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. कोडला भौतिकशास्त्र येत नाही. सदिश गुणाकारात क्रम उलटा लिहिला, तर बाण उलट्या दिशेने, पण तितक्याच देखण्या रूपात येईल. एआय चॅटबॉट हल्ली असा कोड क्षणात लिहून देतात. तो चालतो म्हणजे बरोबर आहे, असे समजणे धोक्याचे. तरीही एक फरक उरतो. चित्रातली चूक डोळ्यांना दिसली तरच सापडते, कोडमधली चूक ओळ वाचूनही सापडते आणि ती एका जागी दुरुस्त करता येते.

फळ्यावर खडूने काढलेल्या आकृतीची जागा हे तंत्र घेणार नाही. शिक्षक बाण काढताना जे बोलतो, त्यातून मूल शिकते. प्रश्न छापल्या जाणाऱ्या, वर्षानुवर्षे हजारो मुलांच्या हाती जाणाऱ्या आकृतीचा आहे.

मग करायचे काय?

जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकून चालणार नाही. आकृती एकदाच नीट लिहायची असते आणि ती असंख्य वेळा वापरली जाते. त्यामुळे हे काम संस्थांचे आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, हे मोठे पाऊल आहे. त्यापुढचे पाऊल म्हणजे पुस्तकातील आकृत्यांचा मूळ कोडही खुला करणे. पाठ्यपुस्तक मंडळ, विद्यापीठे आणि अनुवादित अभियांत्रिकी पुस्तके काढणाऱ्या यंत्रणा यांनी कंत्राट देतानाच ‘अंतिम चित्रासोबत मूळ फाइल द्यावी’ अशी अट घातली, तर फारसा जादा खर्चही येणार नाही. अट मोफत साधनांची असावी, म्हणजे १० वर्षांनीही फाइल उघडेल.

याला आधार आहे. १९९१ पासून चालणाऱ्या ‘अर्काइव्ह’ या शोधनिबंधांच्या खुल्या भांडारात टेकमध्ये लिहिलेल्या निबंधाचा मूळ कोडच जमा करावा लागतो आणि तो वाचकालाही उतरवून घेता येतो. भौतिकशास्त्राचे संशोधक जे एकमेकांसाठी करतात, ते विद्यार्थ्यांसाठी करायला हरकत नसावी. शिकण्याची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेकचे मोफत धडे आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दुसऱ्या वर्षाच्या छोट्या प्रकल्पात ‘दहावीच्या एका धड्याच्या आकृत्या मराठीत लिहा’ असा विषय दिला, तरी दोन-तीन वर्षांत चांगला साठा उभा राहील. तपासणी मात्र विषय शिकवणाऱ्याकडूनच व्हायला हवी.

पाठ्यपुस्तकातील वाक्य चुकले तर शिक्षक ते खोडून वर योग्य शब्द लिहितो. चुकलेल्या आकृतीपुढे तोच शिक्षक आज हतबल असतो. ‘हा बाण उलटा समजा’ असे वर्गात सांगून तो पुढे जातो आणि शेजारच्या शाळेतली मुले तो बाण तसाच शिकतात. मूळ कोड खुला असेल, तर एका शिक्षकाने केलेली दुरुस्ती सगळ्या शाळांपर्यंत पोहोचू शकते.