स्वस्त प्रोसेसरची परीक्षा मे महिन्यात घ्या

खामगावात मी कॉम्प्युटर जोडून देतो, दुरुस्तही करतो. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे सरकला की दुकानात एकच तक्रार येते: “भाऊ, गेम अर्ध्या तासानं अटकतो. प्रोसेसर हलका निघाला.”

मागच्या उन्हाळ्यात अकरावीतला एक पोरगा असाच संच घेऊन आला. बापानं सोयाबीन विकून घेऊन दिलेला. आत रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, ग्राफिक्स आतच. वेगळ्या कार्डाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी २०२१ पासूनचा भरवशाचा प्रोसेसर. घेण्याआधी पोरानं त्याच्या चाचण्यांचे व्हिडिओ पाहिले होते. त्यांत गेम सरसर पळत होते.

कॅबिनेट उघडलं. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत कापसाचं तूस गादीसारखं बसलेलं. घर जिनिंगच्या शेजारी. आणि रॅमची १६ जीबीची एकच पट्टी. या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतात. ८-८ च्या दोन पट्ट्या लावल्या की रस्ता दुपदरी होतो. विकणाऱ्यानं हे सांगितलंच नव्हतं. तूस काढलं, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, पट्ट्या दोन केल्या. प्रोसेसर तोच ठेवला, आणि पोरगं माझ्यासमोर तासभर न अडखळता खेळलं.

चाचणी करणारे एसीच्या खोलीत बसतात आणि बरेचदा स्वस्त प्रोसेसरला सगळ्यांत महागडं ग्राफिक्स कार्ड जोडतात. दोन प्रोसेसरांतला फरक उघडा पडावा म्हणून ते तसं करतात, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण आमच्या गिऱ्हाइकाच्या घरात ना एसी, ना ते कार्ड. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २४ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारा प्रोसेसर टिनाखालच्या ४४ अंशांत ९५ ला टेकतो. ५६००जीची कमाल मर्यादा ९५ च आहे. तिथं पोचला की स्वतःला वाचवायला तो वेग उतरवतो. बुलढाण्याला घाटावर नीट चालणारा संच घाटाखाली मलकापूर-शेगावात अडखळतो तो यामुळेच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. चाचणीत खोलीचं तापमान आणि रॅमच्या पट्ट्या किती, हे सांगितलंच पाहिजे. नुसती फ्रेमची सरासरीही पुरत नाही. सगळ्यांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा द्या, अटकणं तिथं दिसतं.

आणि आईबापांनो, पैसे मोजण्याआधी दुकानदाराला भर दुपारी, दुकानातला हवेचा कुलर बंद करून, तासभर गेम चालवून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.