पहिल्या भेटीची फी

महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेल्यांची संख्या निसर्गनियमाला धरून नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट टाकलेली ती तारीख पुढे सेवापुस्तकात आणि पॅन कार्डावर जशीच्या तशी उतरली. म्हणून दर वर्षी 31 मे रोजी सरकारी कचेऱ्यांत शाल-श्रीफळांची रांग लागते. त्यातले काही जण जून उलटायच्या आत आपल्या कार्यालयाची पायरी चढतात. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात ग्रॅच्युइटीचा आदेश आणि भविष्य निर्वाह निधीचा हिशेब. "एखादा छोटासा उद्योग टाकावा म्हणतो," असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढतात.

त्यांचं एक बरं असतं, महिन्याच्या महिन्याला पेन्शन जमा होते. धंदा बसला तरी चूल थांबत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्यासमोर येऊ लागलेला दुसरा माणूस मात्र पंचेचाळीस ते बावन्न वर्षांचा असतो. भोसरीच्या किंवा वाळूजच्या कारखान्यातला सुपरवायझर, हिंजवडीतला प्रोजेक्ट मॅनेजर, खासगी बँकेतला विभागप्रमुख. कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतलेली असते, कुणाला 'स्वेच्छेने' घ्यायला लावलेली. घराचे हप्ते संपत आलेले, मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. हा अंक हातात घेणारे कर सल्लागार, सनदी लेखापाल आणि प्रकल्प अहवाल करून देणारे आपण सगळे त्याला नेमकं काय देतो, हा या महिन्याचा विषय.

बहुतेक वेळा आपण त्याला एक एक्सेल शीट देतो. ती कशी असते हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी क्षमतेचा वापर 60 टक्के, दुसऱ्या वर्षी 70, तिसऱ्या वर्षी 80. मसाल्याची गिरणी असो की फॅब्रिकेशनचं शेड, चढण तीच. कर्जफेडीचं गुणोत्तर दीडच्या वर येईपर्यंत विक्रीचा आकडा वर सरकवायचा, मशीनचं कोटेशन जोडायचं, अर्जदाराच्या अनुभवाच्या रकान्यात 'संबंधित क्षेत्रातील पुरेसा अनुभव' असं टंकायचं आणि फाईल शाखेत पाठवायची. ज्या एका रकान्यावर सगळा धंदा उभा राहणार किंवा पडणार, तो आपण न विचारताच भरून टाकतो.

मध्यमवयात धंदा करणं म्हणजे उशीर झाला, हा समज मुळात चुकीचा आहे. पिएर अझुले, बेंजामिन जोन्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सुमारे 27 लाख संस्थापकांची वयं तपासली. कंपनी काढतानाचं सरासरी वय निघालं जवळपास 42, आणि सर्वांत झपाट्याने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं 45. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण त्यातला दुसरा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. ज्याने त्याच क्षेत्रात आधी नोकरी केली आहे, त्याच्या यशाची शक्यता कितीतरी जास्त. वय उपयोगी पडतं ते माणसाने त्या वयापर्यंत जे शिकून ठेवलेलं असतं त्यामुळे.

आपल्याकडची उदाहरणं तेच सांगतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारायला गेले तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून झाली होती, बेळगावात सायकलींचं दुकान आणि कारखाना झाला होता, आणि लोखंडी नांगराने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना तो विकण्याची कसरतही झाली होती. किर्लोस्करवाडी नवी होती, नांगर जुना होता. हसमुखभाई पारेख यांनी 1977 मध्ये एचडीएफसी स्थापन केली तेव्हा ते 66 वर्षांचे होते, आणि मागे आयसीआयसीआयमधली दीर्घ कारकीर्द होती. फाल्गुनी नायर यांचं उदाहरण याच्या उलट म्हणून दिलं जातं, कारण पन्नाशीच्या उंबरठ्यावर 2012 मध्ये नायका काढण्याआधी त्या सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात नव्हत्या. खरं आहे. पण कोटक महिंद्रात गुंतवणूक बँकर म्हणून इतरांच्या कंपन्यांसाठी भांडवल उभारण्याचंच काम त्या करत होत्या. आपल्यासमोर बसलेल्या माणसाकडे ते कसब असेल तर त्यानेही खुशाल अनोळखी धंद्यात उतरावं.

तो मात्र येतो तो फ्रँचायझीचं रंगीत माहितीपत्रक घेऊन. किंवा मेव्हण्याचं चांगलं चाललंय म्हणून शेळीपालन, गावाकडे चार एकर पडून आहे म्हणून कृषी पर्यटन, आणि काहीच सुचलं नाही तर हॉटेल. (हॉटेल कुणालाही चालवता येईल असं मराठी माणसाला का वाटतं, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.) सत्तावीस वर्षं ज्या कामात घालवली, त्या कामाचं तोंडही बघायचं नाही, अशी त्याची मनःस्थिती असते. आपल्याला नवं आयुष्य हवंय, आणि नवं म्हणजे जुन्याशी संबंध नसलेलं, असं त्याने धरलेलं असतं. हा राग समजण्यासारखा आहे. त्या रागावर आपण प्रकल्प अहवाल बांधू नये, एवढंच माझं म्हणणं.

मध्यंतरी गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममधून बाहेर पडलेले गृहस्थ असेच पावभाजी सेंटरची फाईल घेऊन आले. त्यांना पैसे किती आहेत हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारला: तुमच्याकडून बाहेर कुठलं काम जायचं, आणि ते वेळेवर परत कोण द्यायचं नाही? खुर्चीतला माणूस बदललाच. "साहेब, हॉब आणि कटर. धार लावायला बाहेर जायचे. आठ दिवस सांगायचे, वीस दिवस लावायचे. आले तरी निम्म्यांना कोन बरोबर नसायचा, आम्ही परत घासायचो." मग कुठल्या मेकची ग्राइंडिंग मशीन जुनी घेतली तरी चालते, व्हील कुठून आणायचं, कुठल्या कंपनीचा परचेसवाला पैसे अडकवत नाही, हे सगळं त्यांनी अर्ध्या तासात कागद न बघता सांगितलं. पावभाजीबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं की लोक ती खातात. त्यांनी अजून काहीच ठरवलेलं नाही, कदाचित ते सेंटरच काढतील. पण निदान आता त्यांच्यासमोर दोन कागद आहेत.

दुसरी गोष्ट पैशांची. इथे आपलं ज्ञान थेट उपयोगी पडतं आणि तिथेच आपण घाई करतो. पंचावन्न ते साठ या वयात सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळालेल्या माणसाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं, मर्यादा 30 लाख, पण ते पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तेवढ्यात सगळी रक्कम शेडच्या डिपॉझिटमध्ये आणि मशीनच्या आगाऊ रकमेत गेली, तर ही वाट साठी गाठेपर्यंत बंद. कर्मचारी पेन्शन योजनेचं तसंच. पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी मागता येते, पण जितकी वर्षं आधी, तितक्या वर्षांमागे 4 टक्के कपात, आणि ती कायमची. धंद्याच्या पहिल्या वर्षी चार पैसे हातात येतात म्हणून बावन्नाव्या वर्षी अर्ज करणाऱ्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

"कर्ज नकोच, स्वतःचेच पैसे घालतो," हे वाक्य ऐकायला फार स्वाभिमानी वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. पंचविशीतल्या मुलाने स्वतःचे सगळे पैसे घातले तर ते मुळात थोडे असतात आणि कमावायला तीस वर्षं असतात. पन्नाशीतल्या माणसाने घातले तर ते त्याचं म्हातारपण असतं. तारणाशिवायचं कर्ज सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पतहमी योजनेतून मिळू शकत असताना राहतं घर गहाण ठेवू नये आणि निवृत्तीची पुंजी संपूर्ण ओतू नये, एवढा आग्रह आपण धरायलाच हवा. शाखाधिकारी अडून बसला तर ती फाईल पुन्हा एकदा घेऊन जाण्याचे कष्ट आपले.

बायकोच्या नावावर उद्योग दाखवण्याची आपली सवयही सोडायला हवी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण पुरुष अर्जदाराला शहरात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान. महिलेला 25 आणि 35, शिवाय स्वतःचा हिस्सा 10 ऐवजी 5 टक्के. गणित उघड आहे, आणि सुचवतो बहुधा सल्लागारच. पण प्रोप्रायटर म्हणून सही करणाऱ्या त्या बाईवर कर्ज फेडण्याची अमर्याद जबाबदारी येते, सिबिल तिचं बिघडतं, आणि नोटीस आली की तिला पहिल्यांदा कळतं की आपला कारखाना आहे. याच्या उलट, मुलं मोठी झाल्यावर सत्तेचाळिसाव्या वर्षी खरोखर स्वतःचा उद्योग काढू पाहणारी बाई आपल्याकडे येते, तेव्हा आपण तिच्या नवऱ्याकडे बघून बोलतो. पंधरा वर्षं भिशी आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सांभाळलेल्या बाईला उधारी आणि वसुली शिकवावी लागत नाही.

धंद्याचं स्वरूप ठरवताना आणखी एक फरक पहिल्या दिवशीच सांगावा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आणि सेवा देणाऱ्याला उद्यम नोंदणी असेल तर 45 दिवसांत पैसे मिळण्याचा कायद्याचा आधार आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाचा हक्क आहे. निव्वळ व्यापार करणाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, हा आधार मिळत नाही. वितरकाची एजन्सी घेणाऱ्या माणसाला वाटतं आपण सुरक्षित धंदा निवडला. त्याची उधारी त्यानेच निस्तरायची असते. खेळतं भांडवल इथेच अडकतं, आणि नोकरदाराला ते सर्वांत उशिरा उमगतं, कारण इतकी वर्षं त्याचे पैसे ठरल्या तारखेला खात्यात येत होते.

बीएसएनएलमधून 31 जानेवारी 2020 या एका दिवशी सुमारे 78 हजार माणसं बाहेर पडली, सगळी पन्नाशीच्या पुढची. पुढच्या आठ आठवड्यांत देशात टाळेबंदी लागली. त्या फेब्रुवारीत ज्यांनी गाळ्याचं डिपॉझिट भरलं आणि ज्यांनी 'वर्षभर बघू' म्हटलं, त्यांच्यात हुशारीचा फरक नव्हता. काहींना थांबा म्हणणारं कुणी होतं, काहींना नव्हतं.

थांबा म्हणण्याचे पैसे मात्र आपल्याला मिळत नाहीत, खरी अडचण ही आहे. आपल्यापैकी बरेच जण कर्ज मंजूर झाल्यावर, मंजूर रकमेच्या प्रमाणात फी घेतात. माणसाला परत पाठवलं तर दोन तास फुकट. पावभाजीची फाईल पुढे ढकलली तर फी पक्की. तेव्हा सल्ला कुठल्या बाजूला झुकणार, हे सांगायला सनदी लेखापाल लागत नाही. माझी सूचना साधी आहे. पन्नाशीच्या आसपासचा माणूस पहिल्यांदा धंद्याचं विचारायला आला की पहिल्या भेटीची ठरावीक फी घ्यावी, अहवाल होवो न होवो, आणि मंजुरीवरची टक्केवारी अशा क्लायंटपुरती तरी बंद करावी. तालुक्याच्या गावात हे जमणार नाही, लोक शेजारच्या सल्लागाराकडे जातील, असं सांगणारे फोन येणार हे गृहीत धरलं आहे. ज्यांनी करून पाहिलं असेल त्यांनी किती फी घेतली आणि किती लोक पुन्हा आले, हे लिहून कळवावं. पुढच्या अंकात त्यासाठी जागा ठेवली आहे.