कपाटातलं तळघर

भिंतीतलं कपाट रिकामं करायचं, आतून थर्माकोल ठोकायचा, काचेचं दार लावायचं, वर पिवळा एलईडी. झालं ‘वाइन सेलर’! असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पुण्यातल्या टू-बीएचकेमध्ये हे करायला निघालेल्यांना माझं सरळ सांगणं आहे : करू नका.

आधी भौतिकशास्त्र. वाइन वर्षानुवर्षं मुरवायची तर १२-१३ अंश तापमान, ६०-७० टक्के आर्द्रता आणि अंधार लागतो. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या तळघरांत हा गारवा जवळपास फुकट मिळतो, कारण खोल जमिनीचं तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ राहतं. पुण्याची सरासरी आहे २५ अंशांच्या आसपास. इथे विहीर खणलीत तरी तो गारवा लागणार नाही.

मग यंत्र आलं. पण यंत्र उष्णता नाहीशी करत नाही, उचलून बाहेर टाकतं. बाहेर म्हणजे तुमच्या बेडरूममध्ये, वर स्वतःची उष्णता मिसळून. ती घालवायला पुन्हा एसी. पावसाळ्यात दमट हवा फटींतून शिरणार, गार भिंतीवर पाणी धरणार, प्लायवूड फुगणार.

आणि हे कशासाठी? बहुतेक वाइन थोड्याच वर्षांत प्यायला बनवलेली असते. नाशिकची साधी शेनिन ब्लां सात वर्षं ठेवून शहाणी होत नाही, म्हातारी होते.

उन्हाळ्यात वाइन खराब होते, हे खरं. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली बाटली शिजतेच. पण त्यावर उपाय घरातच आहे : फ्रिज. लागतील तेवढ्याच बाटल्या आणा. मुरणाऱ्या रेड वाइनचा खरंच नाद असेल तर छोटा वाइन फ्रिज घ्या. घर बदललंत तर तो सोबत नेता येतो.

माझा खरा राग वेगळाच आहे. ते कपाट रिकामं कधीच नसतं. त्यात गोधड्या असतात, गणपतीचं मखर असतं, पाहुण्यांच्या गाद्या असतात. सेलर झाला की हे सगळं पलंगाखाली जातं, आणि वाकून ते बाहेर काढणारं माणूस सेलरवाला नसतो. बहुतेक वेळा ती आई असते, नाहीतर बायको. छोट्या घरातलं कपाट सगळ्यांचं असतं. चाळीस बाटल्या नुसत्या पडून राहाव्यात म्हणून ते बळकावणं ही रसिकता नव्हे, अतिक्रमण आहे.

बाटली उघडा, मित्रांना बोलवा. गाद्या कपाटात असू द्या. पिऊन गाडी चालवायची नसते, रात्री त्या लागतील.