आरंभ कोठून करावा?

“काव्यनाटकें पुष्कळ झालीं, आतां प्राचीनांचे इतिहास व विचारग्रंथ वाचावयाचे आहेत, आरंभ कोठून करूं?” असें एका भगिनीनें विचारिलें आहे. लांबलचक यादी देत नाहीं. याद्या बहुधा पेटींतच राहतात.

प्रथम अल्बेरूनीचा हिंदुस्थानविषयक ग्रंथ घ्यावा. गझनीच्या महंमुदाच्या कारकीर्दींत हा पंडित प्रौढ वयांत संस्कृत शिकला, आणि इ. स. १०३० च्या सुमारास आपलीं दर्शनें, ज्योतिष, मानेंमापें व आचार यांचें त्यानें ८० प्रकरणांत विवेचन केलें. महंमुदानें या देशाची भरभराट धुळीस मिळविली, हें तो लपवीत नाहीं. परंतु आपल्यावांचून ज्ञान कोठेंच नाहीं हा आपल्या पंडितांचा ताठाही पहिल्याच प्रकरणांत सांगतो. घरांत मोठ्यानें वाचल्यास कोणी रुष्ट होईल. होऊं द्यावें, पुस्तक मात्र मिटूं नये. ज्योतिषाचीं प्रकरणें जड गेल्यास खुशाल वगळावीं. साखाऊचें इंग्रजी भाषांतर १८८८ सालचें आहे.

त्यानंतर ग्रीक थ्युसिडिडीझ. इ. स. पू. ४३० मधील अथेन्सच्या भयंकर साथींत तो स्वतः आजारी पडून वांचला होता. तें वर्णन रात्रीं निजतांना वाचूं नये, एवढेंच सुचवितों.