छातीभर कोमट पाणी

आज 6 ऑक्टोबर. हा दिवस जगभर सेरेब्रल पाल्सी दिन म्हणून पाळला जातो. रात्री कुठल्यातरी इमारतीवर हिरवे दिवे लागतील, मोबाइलवर हिरव्या चौकटी फिरतील. आणि उद्या सकाळी मुंबईच्या गोराईतली एखादी आई मुलाच्या पायांत एएफओ, म्हणजे घोट्याला आधार देणारे साचे, चढवून, त्याला कडेवर घेऊन थेरपीला निघेल. मूल सात वर्षांचं झालं असेल, तर कडेवर घेण्याचे दिवस आता फार उरलेले नाहीत, हे तिच्या कमरेनं तिला कधीच कळवलेलं असतं.

पालकांच्या तोंडी जिला नुसतं ‘सीपी’ म्हणतात, ती वाढत जाणारी व्याधी नाही. मेंदू घडत असताना, गर्भात, बाळंतपणात किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात त्याला इजा होते आणि ती तिथंच थांबते. परिणाम मात्र थांबत नाहीत. मेंदूकडून येणारे हुकूम चुकीचे असल्यानं स्नायू सतत आवळलेले राहतात. हाडं वाढतात, आवळलेले स्नायू त्यांच्या वेगानं वाढत नाहीत. मग टाचा उचलल्या जातात, मांड्या एकमेकींवर चढतात, पुढं खुबा जागचा सरकू लागतो. म्हणून थेरपी, आठवड्यातून दोनदा-तीनदा आणि वर्षानुवर्षं. जमिनीवर हे काम कष्टाचं असतं. मूल रडतं, थेरपिस्ट घामाघूम होते, दारात बसलेली आई दुसरीकडं बघत राहते.

पाण्यात हेच काम सोपं होतं आणि त्यात चमत्कार काही नाही, आर्किमिडीजनं सांगितलेलंच आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात एक तृतीयांश, गळ्यापर्यंतच्या पाण्यात जेमतेम एक दशांश. जमिनीवर ज्याला त्याचे पाय पेलत नाहीत, ते मूल छातीभर पाण्यात उभं राहतं. तोल गेला तरी सावकाश जातो. हात मारून सावरायला त्याला वेळ मिळतो. हा वेळ त्याला जमिनीवर कधी मिळालेलाच नसतो.

अट एकच, पाणी कोमट हवं: 33 ते 35 अंश सेल्सिअस. पोहण्याच्या तलावाचं पाणी सहसा 26 ते 28 अंशांवर असतं. शर्यतीत उतरणाऱ्याला ते बरं, या मुलांना नाही. पाणी अंगातली ऊब हवेच्या कितीतरी पट वेगानं ओढून घेतं, आणि गारठ्यात आवळलेला स्नायू आणखी आवळतो.

उपचाराची सुरुवात पोहण्यानं होत नाही. थेरपिस्ट खांद्यापर्यंत पाण्यात उतरते, मुलाचं डोकं आपल्या खांद्याला टेकवते, एक हात त्याच्या कमरेखाली धरते आणि मागं मागं चालत त्याला डावीकडं-उजवीकडं संथ झुलवते. काही मिनिटांत घट्ट मिटलेली मूठ सैल होते, गुडघ्यांमध्ये फट पडते. मग पाण्यावर टेबलटेनिसचा चेंडू सोडायचा आणि फुंकर मारून तो पलीकडं न्यायचा. खेळच तो, पण श्वास सोडणं, ओठ आवळणं, तोंडात पाणी न जाऊ देणं, सगळं त्यात शिकून होतं. मग पाण्यात बुडालेल्या पायरीवर बसायचं, उठायचं, कठडा धरून आडवं चालायचं. अर्ध्या तासात हे संपतं. बाहेर येताना एकेका पायरीवर अंगाचं वजन परत चढत जातं आणि मूल हटकून तिथंच कुरकुर सुरू करतं.

या साऱ्याला शिस्त लावली ती जेम्स मॅकमिलन या अभियंत्यानं, 1949 च्या सुमारास, लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना पोहायला शिकवताना. त्याचा नियम साधा होता: ट्यूब नको, फुगे नकोत, प्रत्येक मुलीमागं पाण्यात उतरलेलं एक माणूस हवं. हा नियम आज मुंबईच्या उपनगरांत मुद्दाम सांगावा लागतो, कारण ‘बेबी स्पा’ नावाचा प्रकार इथंही येऊन पोहोचला आहे. बाळाच्या गळ्यात हवा भरलेली रिंग अडकवायची, टबात सोडायचं आणि फोटो काढायचे. फोटो छान येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जून 2022 मध्ये नेमक्या याच रिंगांबद्दल इशारा दिला: विकासात मागं पडलेल्या किंवा विशेष गरजा असलेल्या बाळांसाठी ‘वॉटर थेरपी’ म्हणून त्या वापरू नका, मृत्यू आणि गंभीर इजेचा धोका आहे. ज्या बाळाला मानच धरता येत नाही, त्याला मानेनंच टांगायचं, हे सुचणाऱ्याला दुकानदार म्हणावं. थेरपिस्ट म्हणवत नाही.

पाण्यानं सीपी बरी होत नाही, हेही इथंच सांगून टाकू. या उपचारावरचे बहुतेक अभ्यास छोटे आहेत. हालचाल सुधारते, मूल उपचाराला राजीखुशीनं येतं, एवढं त्यांच्या आधारे म्हणता येतं. पाण्यात कमावलेलं जमिनीवर गिरवलं नाही तर टिकत नाही. आटोक्यात नसलेली फिट, ताप, उघडी जखम, गिळताना ठसका लागण्याचा त्रास, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. सीपी असलेल्या बऱ्याच मुलांना फिटचा त्रास असतो. तेव्हा ही सूचना कागदापुरती नाही.

आता गोराईकडं वळू. खाडीच्या अलीकडं जागतिक बँकेच्या योजनेतून म्हाडानं वसवलेली वस्ती. पलीकडं ईस्ट इंडियन आणि कोळ्यांचं जुनं गाव, होडीनं नाहीतर भाईंदर-उत्तनचा वळसा घालून गाठायचं. पाण्याला इथं तोटा नाही. एका अंगाला समुद्र, मध्ये खाडी, आणि 1998 पासून वॉटर किंगडमच्या कृत्रिम लाटा. पण पलीकडच्या गावातल्या मुलाला उपचारासाठी हाजी अलीला न्यायचं म्हटलं तर आधी होडी, मग बस, मग बोरिवलीहून लोकल, महालक्ष्मीला उतरून पुन्हा टॅक्सी. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून मूल आणि व्हीलचेअर दोन्ही कोणी उचलायची, ते होडीवाल्याच्या भलेपणावर. आठवड्यातून तीनदा हे कोण करील? एकदा जमतं, मग महिन्यातून एकदा, मग सुटतं.

हाजी अली म्हणण्याचं कारण जुनं आहे. पोलिओच्या काळात फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि त्या आईच्या धडपडीतून 1947 मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. तिची आद्याक्षरं आज हाजी अलीच्या एसआरसीसी रुग्णालयाच्या नावात आहेत. 1955 मध्ये तिथंच केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. पोलिओ साथीचा होता, तो कोणाच्याही दारात येऊ शकत होता, म्हणून सरकारही हललं आणि शेटजींच्या थैल्याही सुटल्या. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सीपीची साथ येत नाही. ती एका घरात येते आणि त्याच घराची होऊन राहते. शेजारच्याला तिची भीती वाटत नाही, म्हणून घाईही वाटत नाही. संस्था दक्षिण मुंबईत राहिल्या आणि माणसं दहिसरपर्यंत पसरली.

पाणी काय करू शकतं याचा आपला दाखला मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा पडला आणि उपचार म्हणून पाण्यात उतरला. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यानं आणलं, भारताचं पहिलं. ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी अशीच आहे, फक्त सीपीच्या मुलांच्या आईबापांना सांगताना जपून. त्यांचं सुवर्णपदक बहुधा वेगळं असतं: मुलानं आधाराशिवाय दहा मिनिटं बसणं, डायपर बदलताना मांड्या सहज उघडणं, रात्री सलग झोपणं. यासाठी टाळ्या वाजत नाहीत आणि अनुदानही मिळत नाही.

उपनगरांत महापालिकेचे जलतरण तलाव आहेत, कांदिवलीतला सरदार वल्लभभाई पटेल तलाव अनेकांच्या परिचयाचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम 2017 चे; मुदत 2022 मध्येच उलटली. तलावही सार्वजनिकच, आणि तिथं पोलादी शिडीनं उतरावं लागत असेल तर चालता न येणाऱ्या मुलासाठी तो बंदच आहे. मागणी फार मोठी नाही. मोठ्या तलावाशेजारी वर्गखोलीएवढं एक छोटं टाकं, खोली तीन-चार फूट, पाण्यात उतरणारा कठडेदार उतार, छप्पर, कपडे बदलायला आडवं झोपवता येईल असा बाक. युरोपात पाणी इतकं तापवायला बॉयलर धडधडावे लागतात. मुंबईत प्रश्न मोजक्याच अंशांचा, बराचसा भार छपरावरचे सोलर बंब उचलतील. अवघड आहे ती माणसं: मुलांच्या थेरपीचं आणि पाण्यातल्या कामाचं, दोन्ही शिक्षण असलेले फिजिओथेरपिस्ट, आणि तेही कंत्राट संपलं म्हणून दर अकरा महिन्यांनी न बदलणारे. मूल पाण्याला आठवड्याभरात सरावतं. हाताला सरावायला त्याला महिने लागतात.

महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो आणि विभागांच्या मागण्या त्याआधीच गोळा होतात. गोराई आर-मध्य विभागात येते. ही मागणी विभाग कार्यालयात दाखल करायला हाच महिना योग्य आहे, आणि ती पालकांनी एकट्यानं कडेवर मूल घेऊन करायची वेळ येऊ नये. चारकोप-गोराईतल्या गृहनिर्माण संस्था पार्किंगसाठी एकत्र येतात, तशा यासाठीही येऊ शकतात.